वेंकटराव काकांना पाचही पंगतींना बसवल्याबद्दल

तंजावूर,
आडी महिना, मंगळवार

तीर्थरूप वेंकटराव काकांच्या पायांशी (पाय मागे ओढून घेऊ नयेत, ही पहिली विनंती) पुतण्या रघुपतीचा साष्टांग दंडवत.

इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खुशाल कोणीच नाही, पण ते पुढं ओघानं येईलच. आधी तुमचं कळवा. उजवा गुडघा कसा आहे? त्या ओरत्तनाडूच्या वैद्यांचं तेल लागू पडलं, की अजून देवघराची पायरी चढताना देवाच्या आधी गुडघ्यालाच नमस्कार करावा लागतो? कुडमुरुट्टीला पाणी आलं का? शेतात रोपं लावून झाली असतील. काकींची साखर (रक्तातली, डब्यातली त्या किती आटोक्यात ठेवतात हे सर्वांना माहीत आहे) कशी आहे? तुमचं एकवेळचं जेवण व्यवस्थित चाललं आहे ना? (हा प्रश्न लिहू नये असं फार वाटत होतं. पण जेवणाचं विचारलं नाही तर मुद्दाम टाळलं असं दिसेल, आणि विचारलं तर मुद्दाम विचारलं असं दिसेल. माझी अवस्था समजून घ्यावी.)

पत्र कशाला, फोन का नाही, असं तुम्ही विचाराल. फोन मी रोज करतो. तुम्ही तो उचलता, माझा आवाज ऐकता आणि बंद न करता तसाच झोपाळ्यावर ठेवून देता. मग मी बराच वेळ झोपाळ्याच्या कड्यांचं कुरकुरणं ऐकतो. परवा तर काकींनी तुम्हाला कॉफी विचारली, तुम्ही नको म्हणालात, मग हो म्हणालात, हेही सगळं ऐकलं. म्हणून पत्र, आणि तेही देवनागरीत. पाटीवर हात धरून ही अक्षरं तुम्हीच मला शिकवलीत. आज आपल्या घराण्यात ती वाचणारे तुम्ही आणि मी असे दोनच उरलो आहोत, त्यामुळे दोघांत अबोला पडला की एक अख्खी लिपी बंद पडते. याचा एक फायदाही आहे. तुमची सून भुवना आत्ता शेजारीच उभी राहून पत्राकडे बघते आहे आणि तिला एक अक्षर कळत नाही, त्यामुळे मनातलं मोकळेपणानं लिहिता येतं. या सगळ्या भानगडीत मला भरीला घालणारी तीच, आणि निश्चयाच्या दिवसापासून मला जे रसम वाढते त्यातून ताटाचा तळ दिसतो.

आता मुद्दा. साईप्रियाच्या निश्चयाच्या दिवशी तुम्ही उपरणं झटकून उठलात आणि लग्नाला येणार नाही असं सांगून पापनाशमची बस धरलीत. आमचे थोरले हरिअण्णा आज असते तर मुलीचं कन्यादान त्यांनी केलं असतं. ते नाहीत, म्हणून ते तुमच्या हातून व्हायचं हे तिनं लहानपणापासून ठरवलेलं आहे. आता पुरोहित म्हणतात, शास्त्राप्रमाणं काकानं, म्हणजे मी, हातावर पाणी सोडलं तरी चालतं. हे ऐकून साईप्रिया म्हणाली, "रघूकाकांच्या हातांत मला देऊं नका, तिथंही कुठलं तरी बटन दाबतील." सगळे हसले. ती हसली नाही. आत गेली आणि आतूनच सांगितलं की आजोबा येणार नसतील तर मी मांडवात येऊन बसणार नाही. मुहूर्त पुढच्या महिन्यात, आवणीत आहे. मांडवाला, वाजंत्र्याला, समयलच्या आचाऱ्याला विडा देऊन झाला आहे. आडीत शुभकार्य करत नाहीत हे खरं, पण रुसवा काढायला पंचांग लागत नाही. म्हणून हा महिना वाया न घालवता मी सगळं पहिल्यापासून लिहितो आहे. वाचून झाल्यावर अपराध कोणाचा ते तुम्हीच ठरवा. माझ्या मते तो मॅक्रोचा आहे.

मॅक्रो म्हणजे काय ते सांगतो. तालुका कचेरीत तुम्ही जन्मभर हातानं रकाने आखलेत, तुम्हाला चटकन कळेल. कंप्यूटरवर रकान्यांचा एक अफाट तक्ता असतो, त्याला खाली तळ नाही आणि उजवीकडं कड नाही. त्यातला कागदावर छापायचा भाग कुठून कुठपर्यंत, कागद उभा की आडवा, समास किती, नवा कागद कुठं सुरू करायचा, हे दर खेपेला सांगत बसावं लागू नये म्हणून एकदाच सांगून ठेवतात आणि एका बटनाला बांधतात. बटन दाबलं की सांगितलेलं सगळं ते यंत्र बिनचूक करतं. नव्या सुनेला पहिल्या दिवशी सांगावं की पहाटे दारात रांगोळी घालायची, आणि तिनं भर पावसातही वाहत्या पाण्यावर रांगोळी घालत बसावं, तसा त्याचा स्वभाव. सांगितलं तेवढंच करतं. सांगणाऱ्याच्या मनात काय होतं ते विचारत नाही. (आपल्या घरात असं माणूस आजवर जन्मलं नाही, त्यामुळे मला सवय नव्हती.)

आमच्या राइस मिलच्या ऑफिसात असा एक मॅक्रो आहे. वरुणराव नावाच्या एका हुशार गृहस्थानं तो लिहिला आणि नंतर नोकरी सोडून तो चेन्नैला गेला. महिनाअखेरीला बटन दाबलं की कुठल्या गावाहून किती भात आलं त्याचे कागद एकामागून एक निघतात. गाव बदललं की कागद बदलतो, आणि प्रत्येक कागदाच्या माथ्यावर पहिल्या दोन ओळी आपोआप पुन्हा येतात: पहिलीत मिलच्या मालकांचं नाव, दुसरीत रकान्यांची नावं. सगळे नुसतं बटन दाबतात. आत काय आहे ते उघडून बघण्याची कोणाची छाती नाही. मी बघितलं. आत पहिल्याच ओळीत वरुणरावांनी लिहून ठेवलं होतं की याला हात लावू नये. मी हात लावला, आणि काही बिघडलं नाही. काका, बिघडलं असतं तर फार बरं झालं असतं. पन्नाशीच्या माणसाला नवी विद्या आली की तो घरात शांत बसत नाही. मी गॅसच्या हिशोबाचा मॅक्रो केला, दुधाचा केला, भुवनाच्या साड्यांचा करायला घेतला तेव्हा तिनं कीबोर्ड उचलून कपाटात ठेवला.

अशातच साईप्रियाचा निश्चय ठरला आणि पंगतींचा प्रश्न निघाला. हॉलचं जेवणघर लहान, माणसं पाच पंगतींची. मागं आपल्याकडच्या मुंजीत पहिल्या पंगतीला कोण बसलं आणि कोण उभं राहिलं यावरून जे झालं ते तुम्हाला आठवतच असेल. त्यातले दोन व्याही अजून एकमेकांच्या रस्त्यानं जात नाहीत. यंदा वराकडची मंडळी कुंभकोणमची, नवी सोयरीक, म्हणून मी जाहीर केलं की पंगतींचा तक्ता मी करतो. प्रत्येक पंगतीचा एक कागद जेवणघराच्या दाराला चिकटवायचा आणि एक समयलच्या सूर्यनारायण मास्टरच्या हातात द्यायचा. तो नावं वाचून माणसं बसवील आणि तेवढीच पानं मांडील. भांडणाला जागाच नको. मिलचा मॅक्रो मी घरी आणला आणि जिथं गाव बदललं की कागद बदल असं होतं तिथं पंगत बदलली की कागद बदल असं केलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

(इथं पत्र थांबवावं लागलं. शाई बदललेली दिसेल, मधे एक दिवस गेला आहे. भुवनानं परवा पत्राचा पहिला कागद माझ्या नकळत फोनसमोर धरला आणि त्या फोननं तो बाईच्या आवाजात, स्वच्छ तमिळमध्ये, स्वयंपाकघरात सगळ्यांना वाचून दाखवला. असं काही निघालं आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तरी वर भुवनाबद्दल जे वाक्य आहे ते रद्द समजावं. तिनं भरीला घातलं नव्हतं, ती पहिल्यापासून नको म्हणत होती. रसमही उत्तम असतं. आता आपली लिपी आपल्या दोघांची राहिली नाही, याचं मात्र मला खरोखर वाईट वाटलं.)

तर तक्ता. नावं इंग्रजी अक्षरांत घातली, कारण तीच सगळ्यांना वाचता येतात. रकाने चार: नंबर, नाव, कोणाकडचे, आणि पथ्य. यात पथ्याचा रकाना सर्वांत रुंद करावा लागला. आपल्या घराण्यात नाव लहान आणि पथ्य मोठं. मीठ नको, कांदा नको, कांदा चालेल पण दिसायला नको, असं लिहिता लिहिता तो रकाना कागदाबाहेर गेला, म्हणून कागद आडवा केला. पहिलं बटन दाबलं तेव्हा प्रिंटर थांबेचना. पाच भरलेल्या कागदांनंतर नुसते कोरे कागद, माथ्यावर रकान्यांची नावं आणि खाली काही नाही, असे येतच राहिले. झालं होतं असं की तक्त्यात फार खोल कुठं तरी माझ्या कोपरानं एक मोकळी जागा टंकली गेली होती. डोळ्यांना दिसेना, पण यंत्राला वाटलं तिथपर्यंत माणसं बसली आहेत. कागदाचं बंडल संपलं तेव्हाच ते थांबलं. (भुवना त्या कागदांवर अजून रांगोळीचे ठिपके काढते आहे. आवणीपर्यंत पुरतील म्हणते.) मग मी सगळं एका कागदात बसव असं सांगितलं, तर सगळं एका कागदात बसलं, पण अक्षरं मोहरीएवढी झाली, त्यात माझं स्वतःचं नाव शोधायला भिंग लागलं. मग छापायचा भाग किती तो मोजून ठरवून दिला आणि त्यानंतर वराकडून आणखी नावं आली. ती मी खाली भरली, पण मॅक्रोला त्याची खबर कुठली? त्याला जेवढं आखून दिलं होतं तेवढंच त्यानं छापलं, आणि व्याही, विहीण आणि त्यांची सगळी मंडळी कुंपणाबाहेर राहिली. हे घरीच लक्षात आलं म्हणून वाचलो. शेवटचं नाव जिथं असेल तिथपर्यंत छाप, अशी ओळ लिहिली आणि तेव्हा कुठं सगळे आत आले. त्या दिवशी मी दोन वेळा पायसम खाल्लं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं, काका. इथंच उठलो असतो तर आज तुमचा फोन झोपाळ्यावर नसता. पण तक्त्याची पहिली ओळ रिकामी होती. मिलमध्ये त्या ओळीत मालकांचं नाव असतं. माझ्या मनात आलं, आपल्या घराचे मालक कोण? तुमचं नाव खाली, पहिल्या पंगतीत पहिल्या नंबरला होतंच; पण त्याच्याही वर नंबर, नाव, कोणाकडचे, पथ्य असे फालतू शब्द बसलेले. पत्रिका असो, पूजेचा संकल्प असो, थोरल्यांच्या नावाआधी आपल्याकडे देवाशिवाय कोणी येत नाही, आणि इथं पथ्य आलेलं! मला ते बघवेना. मी तुमचं नाव खालून उचललं आणि सर्वांत वरच्या ओळीत, आडवं पसरून, मधोमध, जाड अक्षरांत घातलं: वेंकटराव. पडद्यावर ते इतकं छान दिसत होतं की भुवनाला बोलावून दाखवलं. तीसुद्धा म्हणाली, हे बरं केलंत. पहिल्या दोन ओळी प्रत्येक कागदाच्या माथ्यावर पुन्हा येतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मला ते माहीत होतं. तुम्ही म्हणजे एक ओळ आहात हे मात्र माझ्या ध्यानात आलं नाही. पडद्यावर तुम्ही एकदाच दिसत होतात. घरचे कागद संपलेले, म्हणून निश्चयाच्या सकाळी जेरॉक्सच्या दुकानात जाऊन छापून घेतलं; वरचा कागद बघितला, डोळे भरून आले, आणि बाकीचे न बघता घडी घालून खिशात टाकले. कंप्यूटरनं आधी पिवळी पट्टी दाखवून बजावलंही होतं की मॅक्रो धोक्याचे असू शकतात. पण आपल्या घरात सूचना ऐकायची पद्धत कधी होती?

पुढचं तुम्ही भोगलंत, पण तुम्हाला ते तुमच्या बाजूनं माहीत आहे. माझ्या बाजूनं ऐका. सूर्यनारायण मास्टरचं म्हणणं सरळ आहे. ज्याचं नाव सर्वांत वर आणि सर्वांत जाड, तो सर्वांत मोठा माणूस, आणि मोठ्या माणसाचं पान आधी वाढायचं. पहिल्या पंगतीला तुम्ही बसलात, जेवलात, हात धुतलेत, तांबूल घेतलंत. सगळं रीतीप्रमाणं झालं. दुसऱ्या पंगतीला त्यानं दुसरा कागद उघडला, वर पुन्हा वेंकटराव. त्यानं तुमचं पान मांडलं, वाढलं, आणि माइकवरून तुम्हाला बोलावलं. तुम्हाला वाटलं, चुकून. तुम्ही हसून हात हलवलात. तिसऱ्या पंगतीला त्यानं वाढपी पाठवला, आणि तो तुम्हाला दंडाला धरून, फार आदरानं, पानावर घेऊन आला. दिवसातून एकदाच जेवणारा, पानावरून उठला की दुसऱ्या सकाळपर्यंत पाण्याशिवाय काही न घेणारा माणूस, आणि त्याच्यापुढं तिसऱ्यांदा वडा, पायसम आणि तुपाची धार. मी तेव्हा हॉलच्या दारात पाहुण्यांना चंदन लावत होतो. माइक ऐकू येत होता, पण मला वाटलं की मास्टर तुमचा मान राखून तुमचं नाव घेतो आहे. मला अभिमान वाटत होता, काका. चौथ्या पंगतीला पुन्हा पुकारा झाला तेव्हा जेवणघरात हसू पसरलं होतं. आणि मग वराची आई, वरलक्ष्मीबाई, जिच्या मनात खरोखर काळजीशिवाय काही नव्हतं, ती तुमच्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "आजोबांस थोडंथोडं, पण पुष्कळदां जेवा मणून डॉक्टरांनी सांगितलंय की?"

मी धावत आलो तोवर तुम्ही दाराला चिकटवलेले पाचही कागद वाचून उपरणं खांद्यावर टाकलं होतंत. "रघू, दिवसांत एकदां जेवणारा मनुष्य मी," तुम्ही म्हणालात, "मला तूं पांचदां बसवतोस की? लग्नास मी येत नाही, आत्तांच सांगतों." सगळ्यांसमोर म्हणालात. तुमच्या आवाजात राग कमी होता, लाज जास्त होती, आणि तेच मला अजून टोचतं. तुम्ही कोणाच्या दारी घोटभर ताकही मागून प्यायला नाहीत, आणि माझ्यामुळं सोयऱ्यांच्या घरात तुमचं नाव हावरट म्हणून गेलं. एरवी कंप्यूटरवर चूक झाली तर एक बटन दाबून मागं फिरता येतं. मॅक्रो चालवला की ती सोय निघून जाते, असं वरुणरावांनी मॅक्रोच्या दुसऱ्या ओळीत लिहून ठेवलं होतं. बस स्टँडवर मी तुमच्या मागं आलो होतो. तुमची बस निघून गेली होती.

राहिली ती पानं. थोरल्यांच्या नावानं वाढलेलं पान उचलून टाकायचं नाही आणि रिकामं ठेवायचं नाही, ही तुमचीच शिकवण. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या पंगतीचं तुमचं पान मी जेवलो. अगदी खरं. पाचव्या पानावर मी पायसमकडं बघत होतो आणि पायसम माझ्याकडं. त्यानंतर माझ्या पोटाचं जे झालं ते भुवनानं काकींना फोनवर सांगितलंच असेल, मी पत्रात लिहीत नाही. संध्याकाळी साईप्रियानं माझा मॅक्रो उघडून बघितला. बेंगळूरूला ती हेच काम करते. मी तिला आधी दाखवलं असतं तर चुटकीसरशी तिच्या ध्यानात आलं असतं, पण पुतणीला चकित करायचं होतं ना! तिनं सगळं वाचलं, एका ओळीवर बोट ठेवलं आणि कंप्यूटर बंद केला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, एवढंच म्हणाली असती तरी मला बरं वाटलं असतं.

तर, काका, तुमचा राग योग्य आहे, पण तो माझ्यावर काढा. मला पापनाशमला बोलवा, अंगणात उभं करून बोला, काकींसमोर बोला. लग्नावर काढू नका. वरलक्ष्मीबाईंना मी सगळं समजावून सांगितलं आहे. (त्यासाठी कुंभकोणमला जाऊन त्यांच्या घरी कागदावर रकाने आखून दाखवले. त्यांना मॅक्रो कळला नाही, पण तुम्ही एकदाच जेवता हे कळलं, आणि त्यांनी गालावर हात मारून घेतला. तुमची क्षमा मागायला त्या स्वतः येणार होत्या, मीच थांबवलं.) लग्नाच्या पंगतींचा तक्ता नव्यानं केला आहे. त्यातून माथ्यावरची तुमच्या नावाची ओळ मी काढून टाकली आहे, मारुतीची शपथ. सुधारलेले कागद सोबत पाठवतो आहे, डोळ्यांखालून घालावेत. आता तुम्ही पहिल्या पंगतीत एकदाच आहात, बाकी कुठं नाही. काकींनी भुवनाला सांगितलं (काकींना रागावू नये, त्या बोलता बोलता बोलल्या) की परवा तुम्ही लग्नाचं रेशमी धोतर पेटीतून काढून उन्हात घातलंत, आणि विचारल्यावर म्हणालात की वास येतो म्हणून घातलं. वास गेला असेल तर या.

कळावे. काकींना नमस्कार. गुडघ्याला तेल लावत राहावं.

तुमच्या दारात उभा राहायची परवानगी मागणारा,
रघुपती

ता. क. सोबत सुधारलेले कागद पाठवतो आहे असं वर लिहिलं, ते पाठवत नाही. पाकिटात शोधू नयेत. पोस्टमननं काढून घेतले असंही समजू नये.

ता. क. २. मारुतीच्या शपथेबद्दल मी मारुतीला नारळ फोडून येणार आहे, कारण ती खोटी ठरली. तुमच्या नावाची ओळ मी काढली होती हे खरं. पण आज दुपारी साईप्रिया येऊन बसली, तिनं ती पुन्हा घातली, आणि नावाच्या आधी स्वतःच्या हातानं आणखी एक शब्द घातला: वधूपिता. आता पाचही कागदांच्या माथ्यावर, जाड अक्षरांत, वधूपिता वेंकटराव असं येतं. मी म्हटलं, पोरी, हेच तर निस्तरत बसलोय. तर ती म्हणाली, "आप्पा असते तर कुठल्या पंगतीस नसते? प्रत्येक पंगतीस उभे राहून, सावकाश होऊं दे मणून त्यांनीच सांगितलं असतं की." तुम्ही जेवायचं नाही, काका. नुसतं हात जोडून पंगतीतून फिरायचं. सगळे उठल्यावर दिवसाचं तुमचं एक पान ती स्वतः वाढणार आहे. तोवर मी बाकी कोणाला तुमच्याजवळ वाढू देणार नाही, आणि सूर्यनारायण मास्टरला तसं तमिळमध्ये, मोठ्यानं, दोनदा सांगितलं आहे.

ता. क. ३. ओळ ठेवायची की काढायची हे विचारण्यासाठीच खरं म्हणजे पाकीट बंद करता करता पुन्हा लिहायला बसलो. काढायची असली तर इथं येऊन तुम्हीच तिला सांगा. माझ्यानं ते सांगवलं नाही.